पॅकेजवर सही केली, म्हणून बेकारी भत्ता नाकारला: न्यू जर्सीतल्या एका प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई न्यू जर्सीत एका आरोग्य विमा कंपनीत १४ वर्षं डॉक्टरांची बिलं तपासून मंजूर करायचं काम करत होत्या. ग्रीन कार्ड आहे. यंदा त्यांच्या विभागाला सांगण्यात आलं की हे काम आता नवीन स्वयंचलित प्रणाली करणार. मग एचआरनं 'व्हॉलंटरी सेपरेशन'चं, म्हणजे स्वखुशीनं नोकरी सोडण्याचं पॅकेज पुढे ठेवलं. सही केली तर पैसे बरे मिळतील, नाहीतर पुढे काय होईल सांगता येत नाही, असं सांगितलं. त्यांनी सही केली. अनएम्प्लॉयमेंटचा, म्हणजे बेकारी भत्त्याचा क्लेम भरल्यावर कित्येक आठवडे पोर्टलवर 'पेंडिंग' दिसत राहिलं, फोन लागेना, आणि आता पत्र आलंय: नोकरी स्वतःहून सोडल्यामुळे अपात्र. त्या विचारतात: अपील करण्यात अर्थ आहे का? यंत्रानं काम घेतलं हे तिथे सांगायचं का? नवं काही शिकायला गेलं तर भत्ता बंद होतो म्हणतात, ते खरं का? आणि या सगळ्यात आईला भेटायला भारतात जाऊन यावं का?

अपील करा, आणि या आठवड्यातच करा. न्यू जर्सीत पत्र पाठवल्याच्या तारखेपासून २१ दिवस मिळतात. पत्र तुमच्या हातात कधी पडलं, याला फारसा अर्थ नसतो. पूर्वी ही मुदत याहून बरीच कमी होती, २०२३ पासून ती वाढली. टेक्सासमध्ये आजही १४ दिवस आहेत, कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये ३०. दुसऱ्या राज्यातल्या मैत्रिणीचा अनुभव ऐकून निवांत बसू नका; या देशात बेकारी विम्याच्या कायद्याची चौकट १९३५ च्या सोशल सिक्युरिटी ॲक्टची असली, तरी आतले नियम राज्यागणिक बदलतात. फ्लोरिडात आठवड्याला जास्तीत जास्त २७५ डॉलर मिळतात, आणि बेकारी कमी असेल तर फक्त १२ आठवडे. न्यू जर्सीत साधारणपणे तुमच्या सरासरी आठवडी पगाराच्या ६० टक्के, २०२५ साठी कमाल ८७५ डॉलर, आणि पूर्ण पात्रता असेल तर २६ आठवडे. आठवडी पगार ११०० डॉलर असेल तर ६६० मिळतील, म्हणजे सगळे आठवडे धरून १७,१६०. एका अपिलाच्या कष्टासाठी ही रक्कम लहान नाही.

आणि ही खैरात नव्हे. तुमच्या जुन्या पे-स्टबवर (पगाराच्या पावतीवर) नजर टाका, त्यात अनएम्प्लॉयमेंटची छोटीशी कपात दिसेल. कर्मचाऱ्याच्या पगारातून ही वर्गणी कापणारी राज्यं फक्त तीन: अलास्का, पेनसिल्व्हेनिया आणि आपलं न्यू जर्सी. आपल्या लोकांत या भत्त्याबद्दल एक अवघडलेपण असतं, 'सरकारचे पैसे कशाला घ्यायचे' असं. १४ वर्षं हप्ता भरलेल्या विम्याचा दावा करताना लाजायचं कारण नाही. ग्रीन कार्ड किंवा पुढे नागरिकत्वाला यामुळे बाधा येईल ही भीतीही मी वारंवार ऐकतो. 'पब्लिक चार्ज'च्या (सरकारी मदतीवर अवलंबून राहील म्हणून माणसाला नाकारण्याच्या) २०१९ च्या कडक नियमातही आणि २०२२ च्या नियमातही बेकारी विमा धरलेला नव्हता.

आता मूळ मुद्दा. तुमचा क्लेम कुणी नीट वाचलाच नाही, असं तुम्हाला वाटतं. तुमचा अंदाज बरोबर असावा. सुरुवातीच्या टप्प्यात बहुतेक काम दोन उत्तरं जुळवून बघण्याचं असतं. तुम्ही भरताना 'लेड ऑफ', म्हणजे कंपनीनं कमी केलं, असं लिहिलं. कंपनीनं, किंवा कंपनीनं नेमलेल्या एजन्सीनं, 'व्हॉलंटरी' लिहिलं. उत्तरं जुळली नाहीत की क्लेम बाजूला पडतो, त्यालाच पोर्टल 'पेंडिंग' म्हणतं. मग कधीतरी एखादा एक्झामिनर (निर्णय देणारा अधिकारी) फाईल उघडतो, तुमची सही असलेला करार बघतो आणि निर्णय देऊन मोकळा होतो.

कंपनीला 'स्वखुशी' का आवडते, हेही समजून घ्या. मालकाचा बेकारी कर त्याच्या माजी कर्मचाऱ्यांनी किती भत्ता घेतला यावर वर-खाली होतो. शिवाय न्यू जर्सीचा सामूहिक कपातीचा कायदा १० एप्रिल २०२३ पासून बराच कडक झाला आहे. १०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकानं राज्यात ५० किंवा जास्त जणांना कमी केलं, तर ९० दिवसांची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे एका आठवड्याचा पगार द्यावाच लागतो. पण स्वतःहून गेलेली माणसं त्या ५० मध्ये मोजली जात नाहीत. तुमच्या विभागातले किती जण गेले, कधी गेले आणि कोणत्या कागदावर गेले, हे सहकाऱ्यांकडून विचारून घ्या. आकडा ५० च्या आसपास असेल तर हा वेगळा विषय आहे, कामगार कायद्याच्या वकिलाकडे जा. १४ वर्षांमागे १४ आठवडे कायद्यानंच देणं लागत होते आणि तुम्हाला तेच 'जास्त पैसे' म्हणून दिले गेले, असंही निघू शकतं.

आणखी एक: करारात 'मी अनएम्प्लॉयमेंट मागणार नाही' असं वाक्य असेल तर घाबरू नका. भत्त्याचा हक्क करारानं सोडून देता येत नाही, असं वाक्य कायद्यापुढे टिकत नाही.

सुनावणीत प्रश्न एकच असेल: तुम्ही सोडलं की तुम्हाला काढलं? आणि सोडलं असेल तर न सोडता दुसरा मार्ग होता का? काढलं असेल तर गैरवर्तन सिद्ध करायचं ओझं कंपनीवर. सोडलं असेल तर योग्य कारण दाखवायचं ओझं तुमच्यावर. तुमच्या सहीमुळे तुम्ही दुसऱ्या रकान्यात जाऊन बसला आहात, म्हणून तयारी तुम्हालाच करायची आहे.

इथे १९९७ चा एक निकाल माहीत हवा. न्यू जर्सी सुप्रीम कोर्टाचा ब्रॅडी विरुद्ध बोर्ड ऑफ रिव्ह्यू. त्यातले कर्मचारी लवकर निवृत्तीचं पॅकेज घेऊन बाहेर पडले होते. नाहीतर आमची नोकरी जाणारच होती, असं त्यांचं म्हणणं. ते हरले. कोर्टानं म्हटलं, नोकरी जाण्याचा धोका खरा, अगदी जवळ आलेला आणि ठोस असायला हवा. नुसती भीती, कुजबुज, वातावरण चालणार नाही. त्याच्या जोडीला राज्याच्या नियमावलीत एक तरतूद आहे. मालकानं कपात होणार असं सांगितल्यावर कुणी आधीच नोकरी सोडली, तर तो साधारणतः अपात्र ठरतो, पण सांगितलेली कपात ६० दिवसांच्या आत होणार असेल तर नाही.

म्हणजे तुमचं प्रकरण एका तारखेवर उभं आहे. विभाग बंद होण्याची तारीख कुठे लिहिली होती का? ईमेल, मीटिंगचं आमंत्रण, पॅकेजच्या पहिल्या पानावरचं 'तुमचं पद अमुक तारखेला रद्द होत आहे' असं वाक्य, नव्या प्रणालीचं वेळापत्रक, 'मशीन सुरू झाल्यावर या टीमची गरज राहणार नाही' असं मॅनेजरनं चॅटवर लिहिलेलं? पद रद्द होण्याची तारीख तुमच्या शेवटच्या दिवसापासून ६० दिवसांच्या आत असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. तारीख लांबची असेल किंवा कुठेच नसेल, तर ब्रॅडीच्या कसोटीवर उतरावं लागेल, आणि ते अवघड आहे, अशक्य नाही. अशा वेळी सही न करणाऱ्या सहकाऱ्यांचं काय झालं हा सर्वांत चांगला पुरावा. त्यांनाही महिन्याभरात काढलं असेल तर त्यातल्या एखादीला साक्षीला बोलवा. सुनावणी फोनवरच असते, तिला फक्त ठरल्या वेळी फोन उचलायचा आहे.

यातूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. यंत्रानं काम घेतलं हे सांगायचं, पण कारण म्हणून, तक्रार म्हणून नाही. अपील एक्झामिनरला एआयच्या भवितव्याबद्दल मत विचारलेलं आवडत नाही. मी अशा सुनावण्या ऐकल्या आहेत ज्यांत माणूस दहा मिनिटं तंत्रज्ञानाच्या अन्यायावर बोलतो आणि पद कोणत्या तारखेला संपणार होतं हे सांगायचं राहूनच जातं. 'अमुक तारखेला प्रणाली सुरू होणार होती, त्या दिवसापासून माझं पद नव्हतं, हा ईमेल' एवढं पुरे. कागद सुनावणीच्या आधी ट्रायब्युनलला (अपील ऐकणाऱ्या मंडळाला) आणि कंपनीला दोघांनाही पोचले पाहिजेत. फोनवर वाचून दाखवलेला ईमेल पुरावा म्हणून लंगडा पडतो. कंपनीचा लॅपटॉप परत केला असेल आणि ईमेल हाती नसतील, तर तसं लेखी कळवून ते कागद कंपनीकडून मागवण्याची विनंती करा.

जाताना कंपनीनं अनएम्प्लॉयमेंट कसं मागायचं याचा बीसी-१० नावाचा फॉर्म दिला होता का, तेही बघा. नोकरी संपताना तो द्यावा लागतो. दिला असेल तर तारखांसाठी उपयोगी पडतो.

अपील प्रलंबित असताना सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट: दर आठवड्याला सर्टिफाय करत राहा, म्हणजे त्या आठवड्यात बेकार होते आणि कामाला उपलब्ध होते असं पोर्टलवर भरत राहा. अपात्र ठरलो, मग कशाला भरायचं, म्हणून लोक थांबतात. पुढे अपील जिंकतात, आणि न भरलेल्या आठवड्यांचे पैसे मिळत नाहीत. पोर्टल शून्य दाखवत असलं तरी भरा, नोकरी शोधल्याची नोंद ठेवा. ट्रायब्युनलमध्ये हरलात तर वर बोर्ड ऑफ रिव्ह्यू आहे आणि त्यानंतर सुपीरियर कोर्टाचा अपील विभाग. पण नवे पुरावे मांडायची खरी जागा पहिली सुनावणी. वरचे लोक बहुतेक वेळा त्याच नोंदी वाचतात. अपील केलंच नाही, तर पुन्हा पात्र व्हायला नवीन नोकरीत किमान ८ आठवडे काम आणि आठवडी भत्त्याच्या दहापट कमाई करावी लागेल.

सेव्हरन्समुळे (नोकरी संपताना कंपनी देते त्या रकमेमुळे) भत्ता अडतो का, हे तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा अडथळा तोच असू शकतो. न्यू जर्सीत नोकरीच्या वर्षांवर ठरलेली सेव्हरन्स भत्त्याच्या आड येत नाही. नोटीसऐवजी दिलेला पगार किंवा पगार चालू ठेवणं मात्र आड येतं. करारात काय लिहिलंय ते बघा. पैसे दर पंधरवड्याला पगारासारखे येत असतील तर पोर्टलवर प्रश्न उभा राहणारच, तेव्हा कराराचं ते पान तयार ठेवा.

फोन न लागण्याबद्दल काय बोलू! मार्च २०२० मध्ये एका आठवड्यात देशभरात ६० लाखांहून जास्त क्लेम आले, आणि एप्रिलमध्ये न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांना कोबोल ही जुनी प्रोग्रामिंगची भाषा येणाऱ्यांना स्वयंसेवक म्हणून पुढे या असं आवाहन करावं लागलं. त्या काळापेक्षा आज परिस्थिती बरी आहे, तरी क्लेम अडकला की तो आपोआप सुटत नाही. फोनपेक्षा दोन मार्ग जास्त चालतात. एक, जवळच्या वन-स्टॉप करिअर सेंटरमध्ये (नोकरी शोधायला मदत करणाऱ्या सरकारी केंद्रात) प्रत्यक्ष जाणं. दुसरा, तुमच्या मतदारसंघातल्या राज्य विधिमंडळ सदस्याचं कार्यालय. तिथल्या कर्मचाऱ्यांचं हे रोजचं काम असतं, ते विभागाला चौकशी पाठवतात, आणि तुम्ही मतदार आहात की नाही हे सहसा कुणी विचारत नाही. त्यांना निर्णय बदलता येत नाही, पण फाईल माणसाच्या टेबलावर आणता येते. आपल्याकडे ओळखीनं काम करून घेणं म्हणतात तसं हे नाही. उघड, नियमातलं आहे.

जाता जाता, आपल्या नावांचा घोळ. पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, सोशल सिक्युरिटी कार्डवर वडिलांचं, पगारपत्रकावर फक्त आद्याक्षर, आडनाव कुठे माहेरचं. ओळख पडताळणीत संगणक ही तीन वेगळी माणसं समजतो. तुमचा क्लेम सुरुवातीला अडकला त्यात याचाही हात असू शकतो. सोशल सिक्युरिटी कार्डवर आहे तसंच नाव सगळीकडे ठेवा आणि विवाहाचा दाखला हाताशी असू द्या.

यंत्र निर्णय देतं म्हणून घाबरायचं का? सावध राहायचं, एवढं नक्की. मिशिगनमध्ये मिडास नावाची प्रणाली ऑक्टोबर २०१३ पासून फसवणूक आपोआप शोधायला लागली. उत्तरं जुळली नाहीत की थेट फसवणुकीचा शिक्का, वर चौपट दंड, पगारातून आणि कर-परताव्यातून वसुली. सुमारे दोन वर्षांत ४० हजारांवर लोक आरोपी झाले. पुढे राज्यानंच २२ हजारांहून अधिक निव्वळ स्वयंचलित निकाल तपासले, त्यांतले ९३ टक्के चुकीचे निघाले. लोकांची घरं गेली, काहींनी दिवाळखोरी जाहीर केली. २०२२ मध्ये राज्यानं २ कोटी डॉलरची तडजोड केली. त्या प्रणालीनं केलेली तुलना तुमच्या क्लेममध्ये झाली तसलीच होती: कंपनीचं एक उत्तर, माणसाचं दुसरं. म्हणून पोर्टलवर प्रश्न आला की त्याच दिवशी उत्तर द्या, उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि कमाई सांगताना हाती आलेली नव्हे, ज्या आठवड्यात काम केलं त्या आठवड्याची कर कापण्याआधीची रक्कम लिहा. तात्पुरतं काम मिळालं तर लपवू नका. भत्ता ६६० असेल तर न्यू जर्सी त्यात २० टक्के मिळवून ७९२ धरतं आणि त्यातून कमाई वजा करतं. ३०० डॉलर कमावले तर ४९२ मिळतात. काम केल्यानं नुकसान होत नाही, न सांगितल्यानं होतं.

उलट बाजूही आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं विल्यम्स विरुद्ध रीड या अलाबामाच्या प्रकरणात निकाल दिला. आधी विभागातली प्रक्रिया पूर्ण करा, मगच दिरंगाईविरुद्ध कोर्टात या, असा राज्याचा पवित्रा होता. विभाग प्रक्रिया पूर्णच करत नव्हता. कोर्टानं तो पवित्रा मोडला. तुम्हाला उद्या लगेच याचा उपयोग नाही, पण विभागाच्या वकिलांना तो माहीत आहे.

आता शिकण्याबद्दल. 'क्लास लावला तर भत्ता बंद' हे अर्धं खरं आहे. स्वतःच्या मनानं दिवसभराचा कोर्स घेतला तर तुम्ही कामाला उपलब्ध नाही असं धरलं जाऊ शकतं. पण राज्यानं मंजूर केलेल्या प्रशिक्षणात असणाऱ्याला त्या कारणानं भत्ता नाकारता येत नाही, हे केंद्राच्या कायद्यातच आहे. म्हणजे मंजुरी आधी, प्रवेश नंतर. यंत्रानं काम घेतलं, या गोष्टीला अपिलाच्या सुनावणीत फारसं वजन नव्हतं, ती इथे कामाला येते. न्यू जर्सीत प्रशिक्षण काळासाठी वाढीव भत्ता आहे, नियमित आठवडे संपल्यावर आणखी २६ आठवड्यांपर्यंत. तो अशा माणसांसाठी आहे ज्यांची नोकरी कायमची गेली आणि जुन्या ठिकाणी त्या प्रकारचं काम इतकं कमी झालं की परत जाण्याची शक्यता नाही. विभाग यंत्राला दिला गेला, हे या अर्जात ठासून लिहा. करिअर सेंटरमध्ये समुपदेशकाला पहिल्याच भेटीत 'प्रशिक्षणासाठीचा वाढीव भत्ता' असं स्पष्ट विचारा, नियमित आठवडे संपायची वाट पाहू नका. राज्याच्या सरकारी कॉलेजांत बेकारांना जागा शिल्लक असल्यास शिक्षणशुल्क माफीही मिळते.

कोणता कोर्स? बिलं तपासणाऱ्या माणसानं दोन महिन्यांत प्रोग्रामर व्हावं, असं सुचवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तुमच्याकडे १४ वर्षांचं वेगळं ज्ञान आहे: कोणतं बिल का नाकारलं जातं. रुग्णालयांना आणि डॉक्टरांना नाकारलेली बिलं लढवणारी माणसं लागतात, आणि प्रणालीनं नाकारलेली प्रकरणं शेवटी कुणाला तरी डोळ्यांनी वाचावी लागतात. मेडिकल कोडिंगचं (उपचारांना बिलासाठी ठरावीक कोड देण्याचं) प्रमाणपत्र, अनुपालन (कम्प्लायन्स, म्हणजे नियम पाळले जातात का हे बघणं), रुग्ण-मदतनीस या दिशेनं आधी बघा. यातलंही काही काम यंत्राकडे जाईल. पण विमा कंपनीच्या बाजूनं विचार कसा चालतो हे माहीत असलेला माणूस दुसऱ्या बाजूला बसला तर पुढची काही वर्षं तरी त्याला किंमत आहे.

भत्त्यावर केंद्राचा आयकर लागतो, न्यू जर्सीचा लागत नाही. पोर्टलवर १० टक्के कापून घ्यायचा पर्याय निवडा, नाहीतर एप्रिलमध्ये एकदम भरावे लागतात.

राहिला भारताचा प्रश्न. जाऊन या. फक्त तिथून पोर्टल उघडू नका. देशाबाहेर असताना तुम्ही कामाला उपलब्ध नाही असं धरलं जातं, त्यामुळे त्या आठवड्यांचा भत्ता मागायचा नाही. परदेशातून लॉगिन झालं तर क्लेम अडकतो आणि खोटं सर्टिफाय केल्याचा आरोप येऊ शकतो. इथे असलेल्या नवऱ्याला किंवा मुलाला तुमच्या जागी भरायला सांगणं तर त्याहून वाईट. त्या आठवड्यांचे पैसे तेव्हा मिळणार नाहीत, पण एकूण मंजूर रकमेतून ते वजाही होत नाहीत. क्लेमचं वर्ष (क्लेम भरल्यापासूनचं एक वर्ष) संपण्याआधी परत येऊन क्लेम पुन्हा सुरू केला की उरलेली रक्कम घेता येते. त्यामुळे क्लेमच्या वर्षाची शेवटची तारीख बघून तिकीट काढा, आणि सुनावणीची तारीख लागल्यावरच काढा. तारीख मध्येच आली तर पुढे ढकलण्याची लेखी विनंती आधी करा. न कळवता गैरहजर राहिलात तर अपील फेटाळलं जातं.